खडकांसाठी की वाळवंटासाठी? ट्रकची जुळणी ठरवताना

कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलसारख्या खडकाळ वाटेवर ट्रक माणसाच्या चालीने सरकतो, तर मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातील वाळवंटात तो भरधाव उसळत जातो. म्हणून कोणताही सुटा भाग घेण्यापूर्वी आपण मुख्यतः कुठे जाणार, हे आधी पक्के करावे. खडकांसाठी पहिला खर्च पुढच्या-मागच्या डिफरन्शियल लॉकवर (डावे-उजवे चाक एकत्र फिरवणारी यंत्रणा) आणि 4:1 सारख्या लो-रेंज गिअरवर (चाकांचा वेग चौपट घटवून ताकद वाढवणारा गिअर) करावा, कारण त्यामुळे एक चाक हवेत लटकले तरी जमिनीवरच्या चाकाला ताकद मिळत राहते आणि ब्रेकवर फारसा भार न देता दगडावरून सावकाश उतरता येते. गाडीच्या पोटाखाली दगडांचा मार झेलणारी जाड स्किड प्लेट हवीच. वाळवंटात मात्र खरी कसोटी शॉक अ‍ॅब्सॉर्बरची असते: सततच्या हादऱ्यांनी त्यांतील तेल तापते, झटके शोषण्याची क्षमता घटते आणि ऐन वेगात ताबा सुटू शकतो, त्यासाठी वर-खाली जास्त सरकणारे, तेलाची वेगळी टाकी जोडलेले शॉक घ्यावेत, मग इतर सजावट मागे राहिली तरी चालेल. छतावरचे अवजड सामान खडकांत विशेष धोक्याचे, कारण तिरक्या उतारावर त्यानेच गाडी कलंडते. टायरची हवा दोन्हीकडे साधारण 15 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवतात. डांबरी रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी ती पुन्हा भरता यावी, म्हणून छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवावा.