किनाऱ्यावर पवनचक्की लावायचीय? आधी जागा बघा

गोव्यात केरी-मोरजीकडे घरामागे छोटी पवनचक्की लावायचा विचार असेल तर आधी आजूबाजूचे माड बघा, कारण ते वारा अडवतात आणि वाऱ्याचा वेग निम्मा झाला की पॉवर थेट आठव्या हिश्श्यावर येते. लांब बांबूला कापडाची पट्टी बांधून उभा करा, पट्टी एकाच दिशेला ताठ राहिली तर बरं, गरगरून बांबूलाच गुंडाळली तर वारा माडांनी तोडलाय, अजून उंच जा नायतर जागा बदला. फक्त पावसात बघू नका हां, डिसेंबरातही बघा. शेजारी पुढे घरं होणार का तेही विचारा, ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या सॅल्मन बीचवर १९८७ साली ६० किलोवॅटच्या ६ सरकारी चक्क्या लागलेल्या, वस्ती जवळ आली आणि २००२ मध्ये बंद कराव्या लागल्या. नट-बोल्ट स्टेनलेसचेच घ्या, खारा वारा साधं लोखंड खातो.