उष्ण प्रदेशात वाढलेल्या चित्रकाराचा स्मृतिलेख लिहिताना

अशा कलावंतावर लिहायला बसताना जन्म, शिक्षण, मृत्यू या क्रमाने सुरुवात करण्याचा मोह टाळावा आणि आधी त्याच्या बालपणीचा उजेड शोधावा. फ्रेंच चित्रकार कामी पिसारोचेच उदाहरण घ्या. त्याचा जन्म 1830 साली कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर, तेव्हाच्या डॅनिश अमलात झाला. बाराव्या वर्षी तो शिक्षणासाठी फ्रान्सला गेला, परत येऊन वडिलांच्या व्यवसायात लागला, आणि 1852 मध्ये चित्रकार फ्रिट्झ मेल्बी याच्याबरोबर व्हेनेझुएलाला निघून गेला. एवढे टिपण पुरेसे आहे.

खरा वेळ चित्रासमोर घालवावा. समुद्रकाठी बोलत उभ्या असलेल्या दोन स्त्रियांचे त्याचे चित्र 1856 सालचे, म्हणजे पॅरिसला पोहोचल्यानंतरचे आहे. धुळीची पायवाट, एकीच्या डोक्यावरची टोपली, मागे पसरलेला किनारा हे सारे त्याने बेट मागे टाकल्यावर रंगवले, आणि माझ्या मते स्मृतिलेखाचा गाभा इथेच सापडतो. जे दिसते ते आधी साध्या शब्दांत लिहावे, अर्थ नंतर लावावा.

मात्र पुढची प्रत्येक छटा बालपणाच्या खात्यावर जमा करू नये. पॅरिसजवळच्या पाँत्वाज गावच्या शेतांनी आणि सहकाऱ्यांनीही त्याला घडवले. इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे उजेडाचा क्षणिक परिणाम टिपणाऱ्या चित्रकारांच्या गटाच्या, आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा तो एकटाच होता. शिवाय बेटाचे वर्णन करताना नुसती नारळाची झाडे आणि निळे पाणी रंगवू नये. तिथे 1848 पर्यंत गुलामगिरी होती, हे स्पष्ट लिहावे.