कमी रजेत हिवाळी केदारकांठा: या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईतल्या ट्रेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिशेब सुरू होतो: नाताळची सुट्टी, मागचापुढचा शनिवार-रविवार आणि वर्षभरात उरलेल्या चार-पाच रजा. या हिशेबाचं उत्तर बहुतेक वेळा केदारकांठा येतं. उत्तरकाशी जिल्ह्यातलं हे ३,८१० मीटरचं, म्हणजे साडेबारा हजार फुटांचं शिखर. पायथ्याच्या सांकरी गावापर्यंत गाडी जाते, वाट मळलेली आहे आणि भर बर्फातही दोर न लावता माथ्यावर पोचता येतं. त्यामुळे ‘सोपा हिवाळी ट्रेक’ असा शिक्का त्यावर बसला आहे. आणि सोपं म्हटलं की पहिली कात्री लागते ती दिवसांना.

कात्री लावायला हरकत नाही, ती कुठे लावायची एवढाच प्रश्न आहे. वेळ वाचवायचा तो देहरादूनला पोचताना आणि शिखरावरून उतरताना. चढतानाचा एकही मुक्काम कापायचा नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

चढतानाचा मुक्काम गाळणं

सह्याद्रीने आपल्याला एक सवय लावली आहे. रात्रीची एसटी पकडायची, पहाटे कळसूबाई, रात्री घरी. पण कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर. महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा जिथे संपते, त्याच्याही वर हा ट्रेक सुरू होतो. सांकरीहून पहिला मुक्काम जूडा का तालाब सुमारे २,७७० मीटर उंचीवर, तिथून बेस कॅम्प ३,४०० मीटरच्या आसपास आणि मग शिखर.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. जूड्याहून बेस कॅम्पला जाताना नेहमीच्या कार्यक्रमातही ही वाढ सहाशेच्या पुढे जाते. म्हणजे जो कार्यक्रम ‘आरामाचा’ म्हणून विकला जातो, तोच मुळात थोडा ताणलेला आहे. त्यातून जूड्याचा मुक्काम गाळून सांकरीहून थेट बेस कॅम्प गाठला, तर एका दिवसात जवळपास दीड हजार मीटरची उडी होते. हे अंतर पायांना झेपतंही, कारण ते आठ-नऊ किलोमीटरच आहे. फुफ्फुसांचा आणि मेंदूचा हिशेब वेगळा असतो.

आतकरवाडीतून सिंहगड पाऊण तासात चढणारे इथे हमखास फसतात. दमसास चांगला असला म्हणून विरळ हवेचा त्रास टळत नाही. उलट असा माणूस भरभर वर जातो आणि त्रास मागाहून गाठतो, साधारण सहा ते बारा तासांनी. तोवर रात्र झालेली असते.

‘थोडंसंच डोकं दुखतंय’

बेस कॅम्पवर संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, जेवण नको वाटलं, मळमळलं, तर ते विरळ हवेनेच झालं आहे असं धरून चाला. पोटातला गॅस, ऊन, झोप न होणं ही कारणं नंतर शोधता येतील. अशा वेळी होणारी मोठी चूक म्हणजे क्रोसिन घ्यायची, कुणाला न सांगता झोपायचं आणि पहाटे शिखराकडे निघायचं. गोळीने डोकं थांबतं, पण खालचा आजार तिथेच असतो आणि तुम्ही आणखी चारशे मीटर वर निघालेले असता. डोकेदुखी पूर्ण जाईपर्यंत वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचं, मग रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

दोन लक्षणांना तर वाट पाहणंच नाही. बसल्याजागी धाप लागणं आणि खोकला, हे फुफ्फुसात पाणी साठत असल्याचं चिन्ह. आणि तोल जाणं. माणसाला सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. झोकांड्या जात असतील तर मेंदूला सूज येते आहे असं समजा. दोन्हींवर पहिला उपाय एकच, ताबडतोब उतरणं, आणि तेही सोबतीने. कॅम्पवर ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर तो उतरताना लावायचा. तो आहे म्हणून वर थांबायचं नाही.

विरळ हवेचा त्रास टाळायच्या डायमॉक्स गोळीबद्दल ग्रुपवर कुणीही सल्ला देतं. ती गोळी उपयोगाची आहे, पण ती चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून घ्यायची असते आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना धोक्याची ठरू शकते. रजेचा अर्ज टाकाल त्याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना विचारा. सांकरीत शेजारच्या तंबूतल्या माणसाकडून घेऊ नका.

परतीचं विमान त्याच संध्याकाळी

सांकरी ते देहरादून दोनशेच्या आतबाहेर किलोमीटर, पण मोरी-पुरोला-नौगाव-मसुरी असा हा घाटरस्ता आठ ते दहा तास खातो. बर्फ पडला, दरड आली, मसुरीजवळ पर्यटकांच्या गाड्या अडकल्या की बारा. तरीही लोक सकाळी सांकरी सोडून त्याच रात्रीचं विमान काढतात, आणि जॉली ग्रँट विमानतळ देहरादून शहराच्याही पुढे आहे. मग ड्रायव्हरला ‘भैया, थोडा तेज’ सुरू होतं. सगळ्या ट्रेकमधली सगळ्यात धोकादायक वेळ कदाचित हीच.

जातानाही दिल्लीचं धुकं हिशेबात धरा. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीची विमानं आणि उत्तरेकडच्या गाड्या तासन् तास रखडतात. सांकरीच्या बस आणि जीप सकाळी लवकरच सुटतात. ती चुकली की अख्खा दिवस गेला, आणि मग तो भरून काढायला जूड्याचा मुक्काम गाळला जातो. सुरुवातीच्या उशिराची किंमत अशी वर डोंगरात वसूल होते. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा: दिल्ली टाळून थेट देहरादूनचं विमान, आणि तेही आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचेल असं.

पाच रजा घेतल्या तर शनिवार ते पुढचा रविवार असे नऊ दिवस हातात येतात. पहिला दिवस देहरादूनला पोचण्यात, दुसरा सांकरी, तिसरा जूडा, चौथा बेस कॅम्प, पाचव्या दिवशी शिखर करून थेट सांकरीपर्यंत खाली. उतरताना उंचीची भीती नसते, त्यामुळे वाटेतला एक मुक्काम इथे वाचवता येतो. गुडघे कुरकुरतील, काठ्या न्या. सहाव्या दिवशी देहरादून, सातव्या दिवशी घर. उरले दोन दिवस. ते ऋषिकेशच्या राफ्टिंगला आधीच देऊन टाकू नका. जूड्याला कुणाचं डोकं धरलं तर एक तिथे खर्च करा. सगळे ठणठणीत असतील तर ते हवामानासाठी ठेवा. चारच रजा असतील तर उरतो एक दिवस, तेवढ्यावरही जमतं. तीन असतील तर केदारकांठा पुढच्या वर्षी करा. चोपता-तुंगनाथच्या बाजूला किंवा नुसतं सांकरी-जूडा करूनही भरपूर बर्फ भेटतो.

अंदाज फक्त निघताना पाहणं

हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर येतो. तो येण्याची चाहूल हवामान खात्याला काही दिवस आधी लागते, पण तुम्ही तिकिटं काढता त्या वेळी नाही. त्यामुळे अंदाज निघायच्या आदल्या रात्री, देहरादूनला आणि शेवटचा पुरोल्याला पाहायचा. पुढे मोबाइलचा भरवसा नाही. रोख पैसेही तिथवरच काढून घ्या. हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची डीजीआरई ही संस्था देते. मोठा बर्फ पडून गेल्यावर पहिले एक-दोन दिवस तीव्र उतार टाळायचे, कारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ताजा थर सरकतो. मळलेली वाट सोडून सरळ वर जाणारा ‘शॉर्टकट’ तर नकोच.

जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतच सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातून आलेल्या गटातल्या ९ जणांचा जीव गेला. तो जून होता.

सूर्योदयाचा हट्ट

शिखरावर सूर्योदय पाहायचा म्हणून सगळे रात्री दोन-तीनला निघतात. पहाटेच्या आधीची वेळ सगळ्यात थंड असते. उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते उणे वीससारखं लागतं. त्यात नाताळच्या आठवड्यात शेवटच्या चढावर रांग लागते आणि माणसं घामेजलेल्या अंगाने उभी राहतात. फोटो सोडला तर या वेळेचा फायदा काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. चार-साडेचारला निघा. चढतानाच उजाडतं, बर्फ तोवर घट्ट असतो आणि स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ ही शिखरं तेवढीच दिसतात.

निघण्यापेक्षा परतण्याची वेळ महत्त्वाची. ती आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर ठरवा, उदाहरणार्थ सकाळी अकरा. अकराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा पन्नास मीटरवर असला तरी.

आणि एजन्सीला पैसे भरण्याआधी एकच विचारा: शिखराच्या दिवशी गटासोबत गाइड किती? बारा जणांमागे एकच असेल, तर एकाची तब्येत बिघडल्यावर एक तर सगळे परततात नाही तर तो एकटा बर्फात बसतो. दोन तरी हवेतच.

सामानातल्या बारीक चुका

गुरुवारी विकत घेतलेले बूट शनिवारी बर्फात नेऊ नका. दोन-दोन मोजे कोंबले की रक्त अडतं आणि बोटं जास्त गारठतात. अंगालगत सुती बनियन नको, ते घामाने भिजतं आणि वाळत नाही. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. तंबूतच ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटेल. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, बाटली उलटी ठेवा म्हणजे बर्फ बुडाशी धरतो. चॉकलेट बार दगड होतात, शेंगदाण्याची चिक्की आतल्या खिशात बरी. हेडटॉर्चचे सेल आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

बोटं बधिर होऊन पांढरी पडली तर बर्फाने चोळू नका. ती काखेत धरा. पायाची असतील तर सोबत्याच्या पोटाशी. ‘थंडीवर उतारा’ म्हणून घेतलेला पेग अंगातली ऊब बाहेर टाकतो. शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही नाहीत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने झोपेतच माणसं गेली आहेत.

उतरताना बर्फावर बसून घसरायचा मोह सगळ्यांना होतो. बुटांवर चढवलेले दातेरी मायक्रोस्पाइक्स काढल्याशिवाय ते करू नका. दात बर्फात रुततात, शरीर पुढे जातं आणि घोटा मोडतो. मोडलेल्या घोट्याने सांकरी गाठायला अख्खा दिवस आणि चार खांदे लागतात.

निघण्याआधी घरी एक कागद ठेवा: कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, एजन्सीचा देहरादूनचा नंबर, आणि कुठल्या दिवशी रात्री किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ती वेळ राखीव दिवस धरून लिहा, नाही तर तुम्ही जूड्याला आराम करत असाल आणि इकडे आई ११२ ला फोन लावत असेल.