या चुका टाळा: प्रोटॉनचा मारा झालेल्या शिशातले समस्थानिक मोजताना

शिशाच्या नमुन्याचा गॅमा स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेची किती गॅमा किरणे आली याचा आलेख) उघडला की 279 केईव्हीचे (केईव्ही हे ऊर्जेचे एकक) शिखर आधी नजरेत भरते आणि सॉफ्टवेअर त्यापुढे ‘लेड-203’ लिहून मोकळे होते. तिथेच थांबा. लेड-203 (शिशाचा समस्थानिक) आणि मर्क्युरी-203 (पाऱ्याचा) दोघेही क्षय पावून थॅलियम-203 च्या त्याच उत्तेजित पातळीवर उतरतात, त्यामुळे 279.2 ची रेषा दोघांची सामाईक असते. डिटेक्टर कितीही चांगला असो, त्याला त्या वेगळ्या दिसणार नाहीत. फरक कळतो तो काळ गेल्यावर. लेड-203 चे अर्धायुष्य 52 तासांचे, मर्क्युरी-203 चे जवळपास 47 दिवसांचे. तीन आठवड्यांनी तोच नमुना पुन्हा लावा: लेड हजाराव्या हिश्शाजवळ आलेले असते, मर्क्युरी अजून पाऊण शिल्लक असते. पहिल्या मोजणीत 401 केईव्हीची फिकट रेषाही पाहा, ती या दोघांपैकी फक्त लेडची. एकाच मोजणीवर निकाल देणे ही मला या कामातली सर्वांत वाईट चूक वाटते.

नमुना न ठेवता रिकाम्या डिटेक्टरची, म्हणजे पार्श्वभूमीची मोजणीही टाळू नका. बिस्मथ-205 ची 1764 ची रेषा भिंतीतल्या रेडियमच्या साखळीतील बिस्मथ-214 च्या रेषेवरच बसते.

जाड तुकडा तसाच ठेवून मोजलात तर 279 ची किरणे शिशातच अडकतात. दीड मिलिमीटर शिसे निम्म्याहून अधिक किरणे खाते, तेव्हा या स्वशोषणाची (नमुन्याने स्वतःचीच किरणे शोषण्याची) दुरुस्ती हवीच.

आता सिम्युलेशन, म्हणजे याच उत्पादनाचा संगणकावर काढलेला अंदाज. आकडा जुळला नाही की मॉडेलला दोष दिला जातो, पण बरेचदा तुलनाच चुकलेली असते. प्रोग्रामच्या अवशिष्ट केंद्रकांच्या (माऱ्यानंतर उरणाऱ्या केंद्रकांच्या) तक्त्यात साधारणपणे थेट तयार झालेले लेड-203 असते. तुमच्या नमुन्यात मात्र 12 तासांच्या बिस्मथ-203 च्या क्षयातून आलेले लेडही मिसळलेले असते. म्हणून प्रोग्रामला क्षयसाखळी, बीम कधी चालू-बंद झाला त्याची नोंद आणि मोजणीची नेमकी वेळ द्या, मग बेक्वेरेलशी बेक्वेरेल (दर सेकंदाचे क्षय) ताडा. फ्लुका या सिम्युलेशन प्रोग्राममध्ये समघटक केंद्रकांची (एकाच केंद्रकाच्या वेगवेगळ्या ऊर्जापातळ्यांवरील रूपांची) वाटणी बरेचदा ढोबळपणे समान धरली जाते, हेही ध्यानात असू द्या.

प्रोटॉन किती पडले हे ॲल्युमिनियमच्या फॉइलमधल्या सोडियम-24 वरून काढत असाल, तर फॉइल जाड लक्ष्याला चिकटवू नका. लक्ष्यातून उलट येणारे न्यूट्रॉनही ॲल्युमिनियमपासून सोडियम-24 बनवतात, त्यामुळे प्रोटॉनची संख्या फुगते आणि प्रत्येक समस्थानिकाचे उत्पादन तेवढेच कमी दिसते. फॉइल बीम येतो त्या बाजूला, लक्ष्यापासून लांब लावा आणि पुढे सोडियम-22 वरूनही तीच संख्या काढून पाहा.