ओव्हनची सफाई: कामाची सुरुवात आदल्या संध्याकाळी

ओव्हनच्या आतल्या भिंतींवरचा तपकिरी, चिवट थर म्हणजे नुसतं उडालेलं तेल नसतं. ते तेल पुन्हा पुन्हा तापून वार्निशासारखं घट्ट बसलेलं असतं. असा थर जोर लावून निघत नाही, भिजत ठेवला की सुटतो. म्हणून या यादीतली निम्मी कामं आदल्या दिवशीची आहेत, आणि ती नीट झाली तर सकाळी हाताला फारसं काम उरत नाही.

सगळ्यात आधी आपला ओव्हन कोणत्या जातीचा आहे ते बघून घ्या. माहितीपुस्तिका शोधा. ती सापडली नाही तर थंड ओव्हनच्या भिंतीवरून बोट फिरवा. गुळगुळीत, काचेसारखा लागला तर तो बहुधा साधा इनॅमलचा, म्हणजे पत्र्यावर काचेसारखा लेप असलेला, आणि पुढची सगळी पद्धत त्याच्यासाठीच आहे. पाठीमागचा किंवा बाजूचा पत्रा खरखरीत, चमक नसलेला असेल तर त्यावर कॅटॅलिटिक लेप असू शकतो. हा लेप उष्णतेत तेल जाळून टाकतो. त्याला सोडा, साबण, घासणी काहीही लावू नका, नाहीतर त्याची बारीक छिद्रं बुजतात. रिकामा ओव्हन पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला, बहुधा 200 ते 250 अंशांवर, तासभर चालवायचा, एवढंच त्याचं काम. टेबलावरच्या छोट्या ओटीजीत अनेकदा इनॅमल नसतं आणि रॉडही उघडे असतात. तिथे सोड्याने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा काळवंडतो, त्यामुळे पातळ साबणाचं घट्ट पिळलेलं फडकं फिरवा आणि खालचा चुऱ्याचा ट्रे बाहेर काढून धुवा.

आणखी एक जात स्वतःच स्वतःला साफ करणारी, म्हणजे पायरोलिटिक. हा ओव्हन साधारण 450 ते 500 अंशांपर्यंत तापून मळाची राख करतो आणि थंड होईपर्यंत दार कुलूपबंद ठेवतो. त्याची तयारी वेगळी आहे. पुस्तिकेने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर जाळ्या आणि ट्रे बाहेर, सुटं अन्न आणि साचलेलं तेल पुसून, खिडक्या उघड्या. घरात पाळलेले पक्षी असतील तर त्यांना आधी दुसरीकडे हलवा. त्या धुराने त्यांच्या जिवावर बेतू शकतं. आणि घरी कार्यक्रम असेल तर आदल्या दिवशी हे चक्र लावू नका. एवढ्या उष्णतेत एखादा फ्यूज गेला तर ऐन वेळी ओव्हन बंद पडलेला असतो.

आता सामान. खाण्याचा सोडा अर्धा कप, त्यात 3-4 टेबलस्पून पाणी घालून फासता येईल असा लेप. धुण्याचा सोडा नको, तो जास्त तीव्र असतो. व्हिनेगर फवाऱ्याच्या बाटलीत. चार जुनी फडकी, मऊ घासणी, जुना टूथब्रश, प्लास्टिकची उलथणी, रबरी हातमोजे, खाली अंथरायला वर्तमानपत्र. तारेची घासणी या कामात आणूच नका. सोडा आणि व्हिनेगर आधीच एकत्र करून ठेवायची पद्धत बरीच दिसते. त्यात फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. ब्लीच तर जवळपासही नको. व्हिनेगरशी ते मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो.

संध्याकाळी ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढा किंवा मेन स्विच बंद करा. जाळ्या काढून गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून रात्रभर बुडवून ठेवा. सुटा चुरा झाडून घ्या, मग लेप फासा. तळाला जाड, भिंतींना पातळ. रॉड, पंखा, आतली बारीक तापमापक दांडी आणि दाराची रबरी पट्टी सोडून द्या. गॅसचा ओव्हन असेल तर बर्नरची भोकं आणि ठिणगीची जागाही. दार लावा आणि त्यावर ‘चालू करू नका’ अशी चिठ्ठी चिकटवा. सकाळी कोणी सवयीने बटण फिरवलं तर तो लेप भिंतीवर भाजून बसतो.

दहा-बारा तासांनी वाळलेला लेप उलथणीने खरवडा, उरलेल्यावर व्हिनेगर फवारा, फसफसलं की ओल्या फडक्याने पुसा. हे पुसणं चार-पाच वेळा करावं लागतं. कंटाळून थांबलात तर पहिल्यांदा तापवताच पांढरे डाग वर येतात. दाराच्या काचेला तोच लेप अर्धा तास पुरतो. काचेवर खरखरीत काही घासू नका. ओरखडा पडलेली कडक काच तापल्यावर फुटू शकते.

दाराच्या पट्टीविषयी मला कळकळीने सांगायचं आहे, कारण मी ती एकदा घासणीने घासून काढली होती. ती एका कोपऱ्यात सैल झाली, आणि पुढे कितीतरी दिवस केक एका बाजूने कच्चा राहायचा. मी दोष पिठाला देत होते. पट्टी फक्त कोमट ओल्या फडक्याने टिपायची. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा. चारही बाजूंनी ती थोडी अडली पाहिजे. जिथे सहज निसटते तिथून उष्णता बाहेर जाते, आणि तिथे नवी पट्टी बसवणं आलं. दिवा बदलायचा असेल तर वीज बंद असतानाच, आणि ओव्हनसाठीचा, 300 अंश सोसणाराच घ्या.

तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरू नका. उष्णता अडते आणि फॉइल इनॅमलला कायमचं चिकटू शकतं. सांडलं तर त्याच दिवशी, ओव्हन कोमट असताना पुसून घ्या.

शेवटी चिठ्ठी काढा, प्लग लावा, रिकामा ओव्हन 100 अंशांवर वीस मिनिटं चालवून आतला ओलावा घालवा. मग मधल्या जाळीवर ओव्हनचा तापमापक ठेवून 180 वर लावा. अर्ध्या तासानंतर दर दहा मिनिटांनी असे तीन-चार आकडे लिहून त्यांची सरासरी काढा, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, सतत थोडं वर-खाली करत असतो. जो फरक येईल तो कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावा, म्हणजे घरात जो कोणी ओव्हन लावेल त्याला तो दिसेल.