लिफ्ट मागायला उभं कुठं राहायचं?

लिफ्ट मागत फिरायला लागलो त्या पहिल्याच वर्षी मी एका वळणावर साडेतीन तास काढले. जागा फार छान होती. झाडाची गर्द सावली, टेकायला दगड, समोर दरी. गाड्या येत होत्या आणि सुसाट जात होत्या. शेवटी वैतागून सॅक उचलली, वळण मागे टाकून सरळ रस्त्यावर आलो आणि तिथं चौथीच गाडी थांबली. चालक म्हणाला, "त्या वळणावर कोण थांबणार? मागून ट्रक येऊन आदळायचा."

तेव्हापासून जागा बघताना आपण स्टिअरिंगमागे बसलोय असं मी धरून चालतो.

थोडा हिशोब करू. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढं सरकते. तुम्हाला बघून थांबायचं ठरवायला चालकाला तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात ६६ मीटर गेले. पुढं कच्चकन ब्रेक न दाबता गाडी थांबवायला आणखी ८० एक मीटर. म्हणजे दीडशे मीटरवरून तुम्ही दिसायला हवेत. ताशी ५० ला यातलं निम्मंच अंतर पुरतं. म्हणून वेग आधीच कमी झालेला असेल अशी जागा शोधायची: गतिरोधकाच्या पुढं, किंवा चौक ओलांडल्यावर. चौकाच्या अलीकडे उभं राहिलात तर निम्म्या गाड्या भलतीकडे वळणाऱ्या असतात.

दिसणं झालं, आता थांबणं. तुमच्या पुढच्या तीसेक मीटरमध्ये गाडी रस्त्याबाहेर पूर्ण उतरेल एवढी रुंद, टणक कड हवी. माती भुसभुशीत असेल किंवा लगेच कठडा सुरू होत असेल तर चालकाला दया आली तरी उपयोग नाही. मी सॅक खाली ठेवून, ज्या बाजूनं गाड्या येतात तिकडे दोनशे पावलं (साधारण दीडशे मीटर) चालत जातो आणि वळून बघतो. सॅक दिसली नाही तर जागा बाद.

खडा चढ टाळा, भरलेला ट्रक तिथं घेतलेला जोर सोडत नाही. मावळतीचा सूर्य चालकाच्या डोळ्यांवर येत असेल तर तुम्ही त्याच्यासाठी नुसती काळी आकृती. अंधारात दिव्याच्या खांबाखाली, नाहीतर नकोच.

द्रुतगती मार्गावर पायी जायला बहुतेक देशांत बंदी असते, आणि असायलाच हवी. तिथं चढायच्या फाट्यावर, बंदीच्या बोर्डाच्या अलीकडे उभं राहायचं. त्याहून मला पेट्रोल पंपाचं तोंड आवडतं. गाड्या रांगत बाहेर पडतात, थेट बोलता येतं, माणूस कसा आहे ते कळतं आणि मन नाही म्हणालं तर मागे वर्दळ असते. एकट्यानं फिरणाऱ्यांनी, विशेषतः मुलींनी, आधी पंपच बघावा.

आधीच कोणी उभं असेल तर त्याच्या पुढं जाऊन उभं राहायचं. गाडी आधी त्याच्यापाशी पोचली पाहिजे.

हे सगळं जमलं तरी एक चूक मी अजून अधूनमधून करतो: गाडी मिळाल्याच्या आनंदात थेट शहराच्या मध्यात उतरतो. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचायला अर्धा दिवस जातो. चालक आत वळणार असेल तर वेशीबाहेरच्या शेवटच्या पंपावर सोडायला सांगा, भले वीस किलोमीटर कमी मिळाले तरी.