एकशेवीस नमुने, तीन झाडं

संशोधनाच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी मी गाइड मॅडमना मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मॅडम, बुरशीचे एकशेवीस नमुने झाले." त्यांनी विचारलं, "झाडं किती?" मी परत एकशेवीसच म्हणालो. "नमुने नाही विचारले मी. झाडं किती?"

झाडं तीन होती.

साल पोखरणारे भुंगेरे आणि त्यांच्याबरोबर येऊन झाड मारणाऱ्या बुरशा या विषयात तुम्ही नव्याने येत असाल, तर हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. भुंगेरे सालीत शिरतात, बोगदा कोरतात आणि अंगावरचे बीजाणू तिथे पेरतात. ते बोगदाभर फोफावतात. त्यामुळे एका बोगद्यातून दहा तुकडे उचलले तर बहुतेक वेळा हाती येतात एकाच बुरशीच्या दहा प्रती. माझ्या बाबतीत तेच झालं. मायक्रोसॅटेलाइटचे (डीएनएत पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांचे) आकडे आले, तर ओळींमागून ओळी हुबेहूब सारख्या. या आकड्यांवरून मी 'इथे विविधता कमी आहे' असं लिहिलं असतं आणि ते साफ चुकीचं ठरलं असतं. आता मी एका बोगद्यातून एकच कल्चर (प्लेटवर वाढवलेली बुरशी) घेतो, झाडं जास्तीत जास्त घेतो आणि प्रत्येक नळीवर जागा, झाड, बोगदा हे तिन्ही क्रमांक घालतो.

बुरशी वेगळी करण्याचं काम मला आजही सगळ्यात आवडतं. साल अलगद उचकटून कोषाची पोकळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की केसासारखे काळे देठ उभे दिसतात आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट, चकाकणारा थेंब. कोषातून बाहेर पडणारा कोवळा भुंगेरा त्याला घासून जातो आणि बीजाणू घेऊन निघतो. बारीक सुई त्या थेंबाला नुसती टेकवायची, देठाला नाही. मग पातळ करून पसरायचं आणि एकाच बीजाणूपासून कल्चर वाढवायचं. ही पायरी गाळू नका. या बुरशा हॅप्लॉइड असतात, त्यांच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, म्हणजे एका मार्करला (डीएनएतल्या तपासायच्या जागेला) आलेखात एकच शिखर दिसायला हवं. दोन दिसली तर हेटरोझायगस (एकाच जागी दोन वेगळी रूपं असलेला) मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका, आधी कल्चर मिसळलंय का ते बघा.

बुरशी वाढवायच्या माल्ट आगरमध्ये सायक्लोहेक्झिमाइड हे बुरशी रोखणारं औषध घालायचा सल्ला सगळे देतात. ओफिओस्टोमाच्या कुळातल्या बुरशा त्यात तगतात, इतर बुरशा मागे पडतात. पण स्प्रूस या सूचिपर्णी झाडावरच्या आयप्स टायपोग्राफस या भुंगेऱ्याबरोबर येणारी एंडोकोनिडिओफोरा पोलोनिका त्यात मरते, आणि नेमकी तीच फार घातक मानली जाते. म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी दोन प्लेट ठेवा, एक औषधाची, एक बिनऔषधाची. ओळख पटवताना नुसत्या आयटीएसवर (बुरशी ओळखायला नेहमी वापरतात त्या डीएनएच्या भागावर) विसंबू नका, जवळच्या जाती त्यात बऱ्याचदा सारख्याच दिसतात. बीटा-ट्युब्युलिन हे जनुकही तपासा.

महागड्या जीनोमकडे वळण्याआधी मेटिंग टाइपचा (बुरशीतल्या नर-मादीसारख्या दोन प्रकारांचा) साधा पीसीआर लावा. दोन्ही प्रकार साधारण सारखे मिळाले तर लैंगिक प्रजनन होत असावं, एकच मिळाला तर क्लोनचा, म्हणजे एकाच बुरशीच्या हुबेहूब प्रतींचा, संशय घ्यावा. राफेलिया लॉरिकोला ही लॉरेल विल्टची (लॉरेल कुळातली झाडं सुकवणाऱ्या रोगाची) बुरशी वाहणारा आशियाई भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा २००२ साली जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थला सापडला. अमेरिकेतल्या बुरशीत जेमतेम फरक आणि मेटिंग टाइप एकच, उलट जपान-तैवानमध्ये दोन्ही. बाहेरून आलेल्या मूठभर बीजाणूंची ही खूण.

पण एकसारखी बुरशी म्हणजे कमी धोका, असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या रेडबे या लॉरेल कुळातल्या झाडाची असंख्य झाडं त्या एकसारख्या बुरशीनेच मारली. विविधता वाढली की काय होतं, ते एल्मची झाडं मारणाऱ्या डच एल्म रोगात दिसतं. त्या रोगाची बुरशी ओफिओस्टोमा नोव्हो-उल्मी युरोपात नव्या भागात शिरायची तेव्हा आघाडीवर बहुतेक क्लोन असत, आणि बुरशीला दुबळं करणारे विषाणू त्यांच्यात एकीकडून दुसरीकडे सहज जात. पुढे तिने जुन्या ओफिओस्टोमा उल्मीकडून दुसरा मेटिंग टाइप आणि आपलं-परकं ओळखणारी जनुकं उचलली. वेगवेगळे प्रकार तयार झाले, एकमेकांशी जुळेनासे झाले आणि विषाणूंची वाट अडली. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण मोजतो ते आकडे एल्मच्या जगण्यामरण्याशी इतके जवळून बांधलेले आहेत, हे तोवर मला कळलंच नव्हतं.

आकडेमोडीसाठी आर ही संगणकभाषा शिका, आणि क्लोन एकदाच धरून केलेलं विश्लेषण व सगळे नमुने धरून केलेलं, दोन्ही शेजारी ठेवून बघा. कल्चर वारंवार नव्या प्लेटवर नेत बसू नका, त्यांची बीजाणू करण्याची ताकद उतरत जाते. सुरुवातीलाच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवून द्या. माझे ते एकशेवीस तसेच ठेवले होते. तिसऱ्या वर्षी एका झाडात किती वेगवेगळ्या बुरशा शिरतात हा प्रश्न निघाला, आणि त्याचं उत्तर त्याच नळ्यांमधून मिळालं.